मागच्या दारावर चार कॅन नको ओ, एक-दोनच घ्या आणि तेही मागच्या चाकाच्या पुढं

प्रश्न खानापूरकडच्या एका दादांचा आहे. त्यांच्याकडं बोलेरो कॅम्पर आहे, म्हणजे आपल्या बेळगावात कॅम्पर म्हटलं की जी डबल केबिनची पिकअप डोळ्यासमोर येते तीच, आणि तिच्या मागच्या हौद्यावर त्यांनी प्लाय आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याची झोपायची खोली बनवून घेतलीय. दोन बेड, छोटा गॅस, पाण्याची टाकी, सगळं. जूनमध्ये बायको आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन लडाखला निघालेत. डिझेलची टाकी ५७ लिटरची आणि खोलीसकट ॲव्हरेज आत्ता १०-११ पडतंय असं त्यांनी लिहिलंय. आता खोलीच्या मागच्या दारावर २० लिटरचे चार लोखंडी कॅन लावायचेत, तीन डिझेलचे आणि एक जनरेटरच्या पेट्रोलचा, तर ब्रॅकेटला कुठला अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी) घेऊ आणि किती एमएमचे बोल्ट लावू असं विचारलंय.

दादा, अँगल-बोल्ट सांगतो, पण आधी ते मागचं दार डोक्यातनं काढा. मी बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशन, म्हणजे लोखंड कापून-जोडून वस्तू करायचं काम करतो, वीसेक वर्षं झाली, पिकअपचे हौदे, कॅरिअर, जाळ्या आणि गेल्या काही वर्षांत अशा झोपायच्या गाड्या पण. दारावर कॅन लावून दिलेली एक गाडी माझ्याच हातची आहे आणि तिचं काय झालं ते पुढं सांगतो.

पहिलं म्हणजे किती तेल लागतंय हे कागदावर मांडा. बेळगावातनं पुणे, मुंबई, अहमदाबाद, जयपूर, चंदीगड करत मनालीपर्यंत हायवेला पंप इतके आहेत की कॅनची गरजच नाही. मनालीच्या पुढं लाहौलमध्ये तांडीला पंप आहे, तिथं पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी लावलेली आहे, लोक तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. त्या पाटीमुळंच सगळे घाबरतात आणि चार-चार कॅन लावतात. आता हिशोब बघा, तुमची गाडी वर चढताना, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, भरलेल्या खोलीसकट १०-११ देणार नाही, साडेसात धरा. ५७ लिटरमध्ये झाले सव्वाचारशे किलोमीटर. म्हणजे तांडीला फुल केलेली टाकी लेहपर्यंत कॅनशिवाय पोचते, फक्त हातात साठेक किलोमीटर उरतात, आणि वाटेत रस्ता बंद पडून मागं वळायला लागलं किंवा रात्री थंडीनं इंजिन चालू ठेवलं तर ते साठ कधी संपले कळत पण नाहीत. तेवढ्यासाठी एक २० लिटरचा कॅन, म्हणजे अजून दीडशे किलोमीटर. लेहवरनं पँगाँग, चुशूल, हानले, त्सो मोरिरी असा मोठा फेरा एका दमात मारायचा असला तरच दुसरा कॅन. तिसऱ्या-चौथ्याला काम नाही, ते फक्त वजन आहे.

आणि बेळगावातनं कॅन भरून निघायचं नाही. अडीच-तीन हजार किलोमीटर ते डिझेल उगाच अंगावर वागवायचं कशाला, मनालीपर्यंत कॅन रिकामे जाऊ द्यात, तिथं नाहीतर तांडीला भरा. जे भरलंय ते पण शेवटपर्यंत सांभाळत बसू नका. टाकीत २० लिटरची जागा झाली रे झाली की पहिल्या सपाट जागी थांबून कॅन टाकीत ओता. बरेच जण कॅन म्हणजे अडीअडचणीचा माल म्हणून आठ-आठ दिवस भरलेलाच फिरवतात. तेल टाकीत असणं कधीही जास्त सुरक्षित, टाकी कंपनीनं आपटून-धोपटून तपासलेली असते, आपलं ब्रॅकेट तसं कोण तपासत नाही.

आता वजन. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला ८३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे २० लिटरचं साडेसोळा किलो, वर लोखंडी कॅनचे चार-साडेचार, एक भरलेला कॅन २१ किलोचा धरा. चार कॅन ८४ किलो आणि त्यांना धरणारी फ्रेम, पट्ट्या, कडी-कोयंडे मिळून १५ किलो, झाले शंभर. लोक म्हणतात शंभर किलो काय ओ, आम्ही हौद्यात उसाच्या कांड्या टनानं भरतो. पण हौद्यात भरलेलं वजन चाकांच्या मध्ये आणि चाकाच्या वर असतं, दारावरचं वजन मागच्या चाकाच्या सव्वा मीटर मागं लटकतं. तुमच्या गाडीची पुढची-मागची चाकं तीनेक मीटर अंतरावर आहेत. पोरांच्या खेळातला सी-सॉ आठवा, मागचा एक्सल, म्हणजे मागची दोन चाकं जोडणारा दांडा, हा मधला टेकू. मागं १.३ मीटरवर १०० किलो लटकवले तर मागच्या एक्सलवर १०० नाही, १४३ किलो पडतात, आणि पुढच्या चाकांवरनं ४३ किलो उचलले जातात. पुढची चाकं तेवढी हलकी झाली की स्टेअरिंग हलकं लागतं, ओल्या वळणावर गाडी सरळ जायला बघते, आणि ब्रेकचं जे बहुतेक काम पुढची चाकं करतात त्यांची पकड कमी. आधीच खोलीचं वजन मागं आहे, त्यात स्टेपनी, पाण्याची टाकी. हे सगळं खड्ड्यात आपटतं तेव्हा मी ब्रॅकेटसाठी तिप्पट धरून चालतो, म्हणजे एकेक कॅन क्षणभर साठ-पासष्ट किलोचा होतो, आणि असा क्षण दिवसात हजार वेळा येतो.

ती गाडी सांगतो. पिकअपच होती, मागं खोली, गिऱ्हाईकाला मागच्या दारावर दोन कॅन पाहिजे होते कारण फोटोत तसं बघितलेलं. माझ्याकडं एक जुना वेल्डर होता, हुक्केरीकडचा, त्यानं दार हातानं हलवून बघितलं आणि म्हणाला, "हिंद ब्याड्री." मागं नको. मी ऐकलं नाही, गिऱ्हाईक घाईत होतं, ४० एमएमचा अँगल घेतला, आतनं-बाहेरनं पट्टी देऊन प्लायमधनं आरपार बोल्ट मारले, वेल्डिंग चांगलंच केलेलं, मी स्वतः हातोडीनं ठोकून बघितलेलं. गाडी जांबोटी, कणकुंबीवरनं चोर्ला घाटानं गोव्याला दोन-तीनदा जाऊन आली आणि चौथ्या वेळेला दार बंद होईना म्हणून परत माझ्याकडं. उघडून बघतो तर बिजागऱ्या वाकून दार बोटभर खाली बसलेलं. आतल्या बाजूला बोल्टभोवतीचं प्लाय चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालेलं, गोल भोकं लांबुळकी झालेली. आणि अँगल जिथं पट्टीला जोडलेला तिथं वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी तांबडी रेघ. ग्राइंडरनं रंग काढला तर तो तडा, अर्ध्यापर्यंत गेलेला. कॅन अजून पडला नव्हता एवढंच, दोन्ही भरलेले होते आणि त्या दाराच्या आत माणसं झोपत होती. तो दिवस मी विसरलो नाही. तेव्हापासनं कुणी कितीबी पैसे दिले तरी खोलीच्या दारावर किंवा भिंतीवर कॅन लावून देत नाही.

तडा वेल्डिंगच्या मधोमध जात नाही, कडेला जातो, जिथं जाड वेल्डिंग संपून नुसता पत्रा सुरू होतो तिथं. तिथं तांबडी किंवा काळपट भुकटीची रेघ दिसली म्हणजे आत दोन तोंडं एकमेकांवर घासूलालेत असं समजायचं. प्रवासात रोज सकाळी हे बघायला दोन मिनिटं लागतात.

मग लावायचं कुठं? टपावर तर नाहीच, २१ किलो डोक्याच्या वर उचलणं, वरनं ऊन, आणि वजन जितकं वर तितकी गाडी वळणावर डुलणार. पुढच्या बंपरवर नको, टक्कर झाली की पहिला कॅनच. केबिनमध्ये सीटच्या मागं तर अजिबात नको, वासानं पोरगं दहा किलोमीटरमध्ये ओकारी काढेल, आणि वास येतोय म्हणजे वाफ आत आहे.

माझ्या मते एकच जागा पहिल्या नंबरची, मागच्या चाकाच्या पुढं, हौद्याच्या खाली, चेसिसच्या म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या बाजूला, आणि सायलेन्सरचा पाईप ज्या बाजूनं गेलाय त्याच्या विरुद्ध बाजूला. वजन दोन्ही एक्सलच्या मध्ये येतं, खाली येतं, झोपायच्या जागेपासनं हौद्याचा लोखंडी पत्रा मध्ये असतो. तोटा असा की चाकानं उडवलेले दगड लागतात आणि जमिनीपासनं उंची थोडी जाते, म्हणून पुढनं आणि खालनं ३ एमएमचा पत्रा लावायचा, आणि कॅनचा सगळ्यात खालचा भाग गाडीच्या फूटस्टेपच्या खाली उतरता कामा नये. तिथं उभा कॅन मावत नसेल तर आडवा ठेवायचा विचार करू नका, तोंड वरच पाहिजे. मग दुसरा पर्याय, खोली बनवताना चाकाच्या पुढं बाहेरनं उघडणारा एक कप्पा सोडायचा. तुमची खोली झालेली आहे, पण बेडखाली बाहेरच्या बाजूनं असा कप्पा अजून कापता येतो. त्या कप्प्याचा आतल्या खोलीशी हवेचा काहीही संबंध नको, सगळे सांधे सीलंटनं बंद, आतनं वायर पण जाता कामा नये, आणि तळाला बाहेर जाणारी दोन-तीन मोठी भोकं. तळालाच, कारण पेट्रोल काय आणि डिझेल काय, वाफ हवेपेक्षा जड, ती वर जात नाही, खाली साचते. ती भोकं फ्रीजच्या, गॅसच्या किंवा हीटरच्या जाळीशेजारी नकोत.

मागं लावल्याशिवाय चालणारच नसेल तर एकच कॅन, आणि तो चेसिसला बोल्ट केलेल्या जाड मागच्या बंपरवर, जमिनीपासनं जितका खाली घेता येईल तितका. खोलीला हात लावायचा नाही. आणि मागनं कुणी ठोकलं तर पहिल्यांदा तोच चेपणार हे माहीत असूनच लावा.

एक गोष्ट चांगले-चांगले मेस्त्री चुकतात ती अशी की ब्रॅकेटचा एक पाय चेसिसवर आणि दुसरा हौद्यावर. तुम्ही खराब रस्त्यावर गाडीच्या मागनं चालत बघा, केबिन एकीकडं झुकते आणि हौदा दुसरीकडं, कारण चेसिस पिळवटतं, ते तसंच बनवलेलं असतं. दोन्हीला धरलेलं ब्रॅकेट प्रत्येक खड्ड्यात पिळलं जातं आणि कितीबी जाड असू दे, एक दिवस तडकतंच. ब्रॅकेट पूर्ण चेसिसवर तरी घ्या नाहीतर पूर्ण हौद्यावर तरी. चेसिसवर घेतलं तर चेसिसला वेल्डिंग करायचं नाही, त्या उष्णतेनं तिथला लोखंडाचा गुणच बदलतो. वरच्या-खालच्या पट्टीत भोक मारायचं नाही, सगळा ताण तिथंच असतो. आधीची कंपनीची मोकळी भोकं असतात ती वापरा, नसतील तर दोन जाड पट्ट्यांमध्ये चेसिस धरणारा क्लॅम्प करा. ब्रेकचे पाईप आणि वायरिंग कुठनं गेलंय ते आधी हात फिरवून बघा, आंधळेपणानं ड्रिल घालू नका.

आता तुमचा अँगल. कॅनचं माप साधारण ३४५ बाय १६५ एमएम, उंची ४७०. त्याच्यासाठी आम्ही ३५ बाय ३५ बाय ५ च्या अँगलचा ट्रे करतो, आतनं चारी बाजूला ५-५ एमएम जादा. तळाला ३ एमएमचा पत्रा आणि त्याला चार कोपऱ्यात भोकं, पाणी आणि सांडलेलं तेल साचलं नाही पाहिजे. त्याच्यावर रबर. दुकानातलं पातळ रबर महिन्यात फाटतं, मी साखर कारखान्याच्या जुन्या कन्व्हेअर बेल्टचे तुकडे वापरतो, भंगारात मिळतात, आतनं कापडाचे थर असतात, काही होत नाही. नुसतं लोखंडावर लोखंड ठेवलं तर मधे धूळ जाते, ती पॉलिश पेपरचं काम करते आणि कॅनच्या तळाच्या कडा घासून पातळ होतात. मी असा एक कॅन बघितलाय, बाहेरनं रंग एकदम नवा आणि तळाला सुईच्या टोकाएवढ्या भोकातनं घाम फुटल्यासारखं डिझेल. कमरेला, म्हणजे अर्ध्याच्या थोडं वर, दुसरी चौकट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वरनं दाब पाहिजे. २५ बाय ५ ची फ्लॅट पट्टी एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला कुलूप, खाली रबर लावून मुठींच्या वर घट्ट बसणारी. खड्ड्यात कॅन पुढं-मागं जातो त्याच्यापेक्षा वर जास्त उडतो, आणि नुसत्या रॅचेट पट्ट्यावर विसंबलं तर पट्टा ओला झाला, उन्हात ताणला की सैल होतो. पट्टा लावा, पण जोडीला.

बोल्ट एम१०, ८.८ ग्रेडचे, डोक्यावर तसं छापलेलं असतं ते बघून घ्या, कमीत कमी चार, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे), दोन्हीकडं मोठे वायसर. जोडांना कोपऱ्यात त्रिकोणी पट्ट्या द्या, आणि वेल्डिंग कोपऱ्याच्या टोकाला संपवू नका, थोडं वळवून पुढं न्या. रेडऑक्साईडचे, म्हणजे गंज रोखणाऱ्या तांबड्या प्रायमरचे दोन हात, मग रंग. आपल्याकडच्या पावसात नुसत्या रंगाखाली गंज धरायला एक सीझन पुरतो.

कॅन कुठला? लोखंडी, लिव्हरच्या झाकणाचा, आतनं कोटिंग असलेला. हा कॅन जर्मन सैन्यानं दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, १९३७ च्या सुमारास करून घेतलेला, ब्रिटिश सैनिक जर्मनांना जेरी म्हणायचे म्हणून तो जेरीकॅन. ब्रिटिशांचे स्वतःचे पातळ पत्र्याचे डबे आफ्रिकेच्या वाळवंटात इतके गळायचे की त्यांनी शेवटी शत्रूच्या कॅनची नक्कल केली. मला तो कॅन हातात घेतला की अजून आवडतो, एकेक गोष्ट विचार करून केलेली. तीन मुठी, म्हणजे एका माणसाला मधली धरून उचलता येतो, दोघांना मिळून बाहेरच्या दोन धरून नेता येतो. बाजूची खोलगट नक्षी शोभेची नाही, तेल गरम झाल्यावर पत्र्याला फुगायला जागा आहे. मुठीखालच्या फुगवट्यात हवा राहते. तो फुगवटा पण भरायचा म्हणून पंपावरच्या पोराला कॅन वाकडा करून काठोकाठ भरायला लावू नका, ती जागा रिकामी ठेवायचीच आहे. डिझेल दर अंशाला ०.०८ टक्क्याच्या आसपास वाढतं, म्हणजे सकाळी १० अंशात भरलं आणि दुपारी उन्हात ४० ला गेलं तर २० लिटरचं अर्धा लिटर जास्त होतं. त्याला जागा नाही मिळाली तर ते झाकणातनं वाट काढतं.

जी.आय.चा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला कॅन डिझेलला नको. जस्त हळूहळू डिझेलमध्ये उतरतं आणि आताच्या कॉमन रेल इंजिनच्या इंजेक्टरवर बसतं. तेलाचा १५ किलोचा डबा, रंगाची बादली, पाण्याचा जार हे तर विचारात पण घेऊ नका. शेतकरी ट्रॅक्टरसाठी प्लास्टिकच्या कॅनमधनं डिझेल नेतात हे खरं, पण ते पंपापासनं शेतापर्यंत, महिनाभर उन्हात गाडीला बांधून नाही.

नवा कॅन आणलात की त्यात लिटरभर डिझेल घाला, झाकण लावा आणि जुन्या पेपरवर रात्रभर आडवा करून ठेवा, झाकण खालच्या बाजूला येईल असा. सकाळी पेपरवर बोटाएवढा जरी डाग असला तरी झाकणाचं रबर बदला नाहीतर कॅन परत करा. ते रबर दोन जादा घेऊन ठेवा, दहा-वीस रुपयांची गोष्ट असते आणि तिथं वर मिळत नाही.

भरताना कॅन हौद्यात किंवा ब्रॅकेटमध्ये ठेवून भरायचा नाही. जमिनीवर ठेवायचा, नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून धरायचं आणि हळू भरायचं. रबरावर, प्लास्टिकवर किंवा गादीवर ठेवलेल्या कॅनमध्ये तेल पडताना वीज साठते आणि तिला जमिनीत जायला वाट नसते, पेट्रोल असेल तर एवढीच ठिणगी पुरते. पंपावरच्या गर्दीत मागचा हॉर्न मारतोय म्हणून घाई करू नका.

वर चढताना अजून एक. बेळगाव साडेसातशे मीटरवर, मनाली-लेह वाटेवरची तांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. खाली झाकण लावलेला कॅन वर जाऊन ढोलासारखा फुगतो, तो बिघाड नाही, पण ट्रे अगदी चिकटून केला असेल तर कॅन निघत नाही, म्हणून ते ५ एमएम. उघडताना लिव्हर एकदम उचलायची नाही, तोंड आपल्याकडं आणि पोराकडं नको, लिव्हर जरा ढिली करून फुस्स आवाज पूर्ण थांबेपर्यंत थांबा. परत येताना उलटं, वर बंद केलेला रिकामा कॅन खाली येता येता आत चेपतो. दोन-तीन ठिकाणी थांबून झाकण उघडून परत लावलं की झालं. जूनमध्ये डिझेल गोठायची भीती नाही. पण कधी हिवाळ्यात गेलात तर इकडचं डिझेल वर मेणासारखं घट्ट होतं आणि फिल्टर बंद पडतो, लडाखसाठी उणे ३३ अंशापर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल इंडियन ऑइलनं २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये काढलंय ते तिथंच भरायचं.

टाकीत ओतताना इंजिन बंद, गॅस बंद, खोलीतला हीटर बंद, मुलगा गाडीपासनं लांब, आणि वाऱ्याकडं पाठ करून. नरसाळं बारीक जाळीचं. कॅनमधलं शेवटचं अर्धा लिटर टाकीत घालू नका, पाणी आणि गंजाचा कचरा तळाला बसलेला असतो आणि पाण्याचे थेंब इंजेक्टरमध्ये गेले की दुरुस्तीचा खर्च ऐकून तुम्हाला सगळी ट्रिप नको वाटेल. २ किलोचा पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर केबिनच्या दाराशी ठेवा, कॅनच्या शेजारी नको, आग कॅनला लागली तर तिथं हात घालता येणार नाही.

आणि तो चौथा कॅन, पेट्रोलचा. दादा, माझं स्पष्ट मत आहे, न्यायचाच नाही. डिझेलला जळण्याएवढी वाफ सुटायला कमीत कमी ३५ अंशाच्या आसपास तापायला लागतं, पेट्रोल उणे ४० ला पण तेवढी वाफ सोडतं. म्हणजे डिझेलचा कॅन गळला तर घाण होते, पेट्रोलचा गळला तर जवळ गॅस पेटवलेला असताना काय होईल ते मी लिहीत नाही. तुमची गरज दोन दिवे, फोन आणि एक छोटा फ्रीज, त्याला टपावर सोलर आणि एक चांगली बॅटरी पुरते. जनरेटर न्यायचाच असेल तर ५ लिटरचा लोखंडी कॅन, वेगळ्या जागी, बाहेर, आणि दोन्ही कॅनवर मोठ्या अक्षरात काय आहे ते लिहा, मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदीत पण, कारण रात्री थंडीत, थकून, दुसराच कुणी मदतीला येऊन डिझेलच्या टाकीत पेट्रोल ओततो. रिकामा झालेला पेट्रोलचा कॅन भरलेल्यापेक्षा वाईट, आत नुसती वाफ असते. त्याला कुठं भोक पडलं म्हणून वेल्डिंगला आणू नका, कुणाकडंच नेऊ नका.

कायद्याचं थोडक्यात. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, लोखंडी भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको आणि झाकण घट्ट पाहिजे. डिझेलची मर्यादा त्याच्यापेक्षा खूप मोठी, २,५०० लिटर, त्यामुळं तुमचे ४० लिटर त्यात येतात. तरी गोव्याच्या नाक्यावर, निपाणीच्या पुढं, निवडणुकीच्या दिवसात कॅन दिसला की विचारतात, तेव्हा पंपाची पावती सोबत ठेवा आणि नीट उत्तर द्या. नंबर प्लेट, मागचे दिवे, इंडिकेटर कशानंच झाकता कामा नयेत. खोली ही गाडीच्या बॉडीतला बदल आहे, गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यालाच लागतं आणि सुप्रीम कोर्टानं पण २०१९ मध्ये बदलांच्या बाबतीत कडक निकाल दिलाय, तेव्हा ती आरसीवर चढवली नसेल तर बेळगावच्या आरटीओत जाऊन ते काम आधी करा, इन्शुरन्सवाल्याला पण कळवा. कॅनपेक्षा ते जास्त अडचणीचं आहे.

सगळं बसवून झालं की लगेच लडाखला निघू नका. दोन जुन्या कॅनमध्ये पाणी भरा, पाणी डिझेलपेक्षा जड म्हणजे परीक्षा थोडी कडकच होते, ते ट्रेमध्ये लावा आणि जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला उतरून परत या. निघायच्या आधी प्रत्येक नटावर आणि शेजारच्या पट्टीवर मिळून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारा. परत आल्यावर रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला. नट परत आवळा, वेल्डिंगच्या कडा बोटानं चाचपा, ट्रेच्या तळाचं रबर सरकलंय का बघा, आणि अजून एकदा जाऊन या.

माझ्याकडं आणणार असाल तर रविवार सोडून कधीपण या, पण गाडी रिकामी आणू नका. गाद्या, भांडी, गॅस, पाण्याची टाकी फुल, डिझेल फुल, मुलगा आणि वहिनी पण बसलेल्या, म्हणजे लडाखला जाल तशीच. आधी घरी रिकाम्या गाडीचं मागच्या चाकाच्या मधल्या बिंदूपासनं वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं माप घ्या, दोन्ही बाजूचं, आणि लिहून आणा. भरलेल्या गाडीचं इथं घेऊ. पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, आधीच पूर्ण बसलेले दिसले तर आपण कॅनचं बोलायच्या आधी खोलीतनं काय कमी करता येतं ते बघू.